भंगारातील लोखंडाचे घरगुती वेल्डिंग: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

घरी केलेला वेल्डिंगचा जोड तुटला की दोष हाताच्या सवयीला दिला जातो. तुटलेला भाग उजेडात धरून पाहिला, तर बहुतेक वेळा कारण वेगळेच निघते. आत गंजाचा काळपट थर अडकलेला असतो, रंग जळून उरलेली काजळी असते, किंवा वितळलेले लोखंड एका तुकड्यात मुरून दुसऱ्यावर नुसते टेकलेले असते. असा जोड साहित्य निवडताना आणि साफ करतानाच फसलेला असतो. म्हणून या लेखात प्रत्यक्ष वेल्डिंगपेक्षा त्याआधीच्या कामांना अधिक जागा दिली आहे, आणि ती कामे दिलेल्या क्रमानेच करावीत.

येथील सूचना लहान इन्व्हर्टर मशीनवर (विजेवर चालणाऱ्या हलक्या वेल्डिंग मशीनवर) रॉडने, म्हणजे वितळून जोडात भरणाऱ्या आवरणयुक्त सळईने, केलेल्या वेल्डिंगसाठी आहेत आणि १.५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या साध्या, म्हणजे कमी कार्बनच्या लोखंडाला लागू पडतात. उदाहरण म्हणून दोन कामे समोर ठेवली आहेत: चौकोनी पाइपची सामान ठेवण्याची मांडणी आणि बिजागरीपाशी तुटून झुकलेले फाटक.

## टप्पा १: कोणते काम हाती घ्यायचे नाही, हे ठरवणे

मांडणी, कपाटाची चौकट, बाक, फाटक, जाळीची दुरुस्ती ही कामे घरी शिकत शिकत करता येतात. ज्या कामात जोड तुटल्यावर माणूस उंचावरून पडेल, वजन अंगावर येईल किंवा वाहन ताब्याबाहेर जाईल, ती कामे सोडून द्यावीत. गच्चीचा कठडा, शिडी, वाहनाची चासी, जॅक, वजन उचलण्याचे हुक आणि साखळ्या या सगळ्यांचा त्यात समावेश होतो. गॅसची टाकी किंवा हवेच्या दाबाची टाकी यांवर तर साधा टाकासुद्धा (वेल्डिंगचा छोटासा जोड) मारू नये.

इशारा: तेलाचे पिंप, पेट्रोलची टाकी, रंगाचा किंवा रसायनाचा डबा रिकामा दिसला तरी तो कापू नये आणि त्यावर वेल्डिंग करू नये. कडांच्या दुमडीत राहिलेल्या थोड्याशा अंशाची वाफसुद्धा उष्णतेने स्फोट घडवण्यास पुरेशी असते. पाण्याने धुतल्याने असे पिंप सुरक्षित होत नाही. वाहनाचे शॉकअॅब्सॉर्बर आतून तेल आणि वायूने भरलेले बंद नळकांडे असतात, तेही तापवू नयेत.

## टप्पा २: भंगार ओळखणे

सगळे भंगार दिसायला सारखेच गंजलेले असते, पण वेल्डिंगच्या दृष्टीने त्यात फार फरक असतो. ओळख पटवण्यासाठी चुंबक, कानस आणि ग्राइंडर ही तीन साधने पुरतात. प्रत्येक तुकड्यावर तिन्ही चाचण्या याच क्रमाने कराव्यात.

चुंबक. चुंबक अजिबात चिकटला नाही, तर तो तुकडा अॅल्युमिनियम, पितळ किंवा स्टेनलेसच्या नेहमीच्या प्रकारांपैकी आहे असे समजून बाजूला ठेवावा. चिकटला म्हणून लगेच साधे लोखंड समजू नये, कारण बीड (ओतीव लोखंड) आणि स्प्रिंगचे पोलादही चुंबकाला तितक्याच जोराने धरते.

कानस. साध्या लोखंडावर कानस सहज चावते आणि चकचकीत कीस निघतो. कानस काचेवरून सरकल्यासारखी घसरली, तर ते कडक केलेले पोलाद आहे. गाडीचे पाटे, बेअरिंग, जुन्या कानशी, छिन्न्या, पहारी या वर्गात येतात. पलंगाच्या चौकटीचे काही अँगलही जास्त कार्बनच्या पोलादाचे असतात. दिसायला साधे वाटले तरी भोक पाडताना ड्रिल नुसते फिरत राहते, त्यावरून ते ओळखावेत.

ठिणग्या. मंद उजेडात तुकड्याचा कोपरा ग्राइंडरवर हलकाच टेकवावा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि फारशा न फुटणाऱ्या असतात. जास्त कार्बनच्या पोलादाच्या ठिणग्यांना चाकाजवळच दाट फाटे फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर निघतात. साधे असल्याची खात्री असलेल्या लोखंडाचा एक तुकडा जवळ ठेवून त्याच्याशी तुलना करावी, कारण नुसत्या आठवणीवर केलेला अंदाज चुकतो.

कडक पोलादाला साध्या रॉडने केलेला जोड त्या दिवशी उत्तम दिसतो. जोडाची रेघ मजबूत असते, पण तिच्या लगतची पट्टी झटकन थंड होऊन ठिसूळ बनते आणि काही दिवसांनी तडा नेमका तिथूनच जातो. बिडाचीही गत तशीच होते. त्याला निकेलयुक्त रॉड, तापवून घेणे, अगदी छोटे टाके आणि सावकाश थंड करणे एवढे सगळे लागते. नवशिक्याने दोन्ही टाळावेत. ८.८ किंवा १०.९ असे आकडे डोक्यावर असलेले बोल्टही वेल्डिंगने जोडू नयेत, कारण त्यांना दिलेली ताकद उष्णतेने निघून जाते.

साधे लोखंड मिळाले तरी गंज किती खोल आहे ते पाहावे. तुकड्यावर हातोडीने ठोकत जावे आणि जिथे आवाज बोथट येतो तिथे टोकदार पंच मारून बघावा. पंच आत घुसला तर तेवढा भाग कापून टाकावा. पाइपची तपासणी टोकाकडून आत डोकावूनही करावी, कारण बाहेरून रंगवलेला पाइप आतून पापुद्र्यांनी भरलेला असू शकतो. भिंत १.५ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, तर रॉडने तिला भोकेच पडत जातात. तिथे रिव्हेट किंवा नटबोल्ट बरे.

तपासा: निवडलेल्या प्रत्येक तुकड्यावर खडूने खूण केली आहे का? खूण नसलेला तुकडा कामाच्या ढिगात मिसळू देऊ नये.

## टप्पा ३: लेप, रंग, तेल आणि गंज काढणे

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान २५ मिलिमीटरपर्यंत लोखंड चकचकीत दिसले पाहिजे, आणि जिथे मशीनच्या परतीच्या वायरचा क्लॅम्प (चिमटा) लावायचा ती जागाही तशीच हवी. वेल्डिंगच्या उष्णतेने घाण आपोआप जळून जाईल, हा समज चुकीचा आहे. जळताना तिचा वायू होतो, तो वितळलेल्या लोखंडात अडकतो आणि जोड आतून सच्छिद्र होतो.

क्रम असा ठेवावा. आधी तेल आणि ग्रीस साबणाच्या गरम पाण्याने किंवा साध्या थिनरने पुसून काढावे आणि तुकडा पूर्ण वाळू द्यावा. त्यानंतर रंग खरवडावा आणि शेवटी ग्राइंडर किंवा वायर ब्रशने गंज घासावा. हा क्रम उलटला, तर ब्रश तेल पुसण्याऐवजी सगळीकडे पसरवतो.

इशारा: ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असते. वेल्डिंगच्या ठिणगीजवळ त्यापासून फॉस्जिन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो, आणि साधा धुळीचा मास्क तो अडवू शकत नाही. असा फवारा वेल्डिंगच्या कामासाठी वापरूच नये.

जस्ताचा मुलामा दिलेल्या, म्हणजे जीआय पाइपबद्दल अधिक सावध राहावे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि लोखंड वितळते त्याच्या बरेच पुढे. त्यामुळे जोड लागण्याआधीच जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, तोंडाला धातूची चव येते. दूध पिऊन काम केल्यास बाधत नाही असे अनेक कारागीर मानतात, पण धूर फुप्फुसात जातो आणि दूध पोटात, त्यामुळे त्याचा संरक्षणासाठी काहीही उपयोग नाही. मुलामा घासून काढावा. पाइपच्या आतला मुलामा निघत नसल्याने काम उघड्यावर, वारा बाजूने वाहत असताना करावे आणि डोके धुराच्या वाटेत येऊ देऊ नये. खरे तर दुसरा पाइप उपलब्ध असेल, तर जीआय घेऊच नये. आम्लात बुडवून जस्त काढण्याचा उपाय घरी करू नये, कारण त्यात पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो.

क्रोमचा मुलामा असलेले नळ आणि हँडल, तसेच पिवळसर झाक असलेले जुने नट व बोल्ट बाजूला ठेवावेत. क्रोमचा धूर घातक असतो, आणि त्या पिवळ्या बोल्टांवर कॅडमियमचा थर असू शकतो, ज्याचा धूर प्राणघातक ठरू शकतो. जुन्या रंगांत शिसे असू शकते. ते कोरडे घासून धूळ उडवू नये. रंग ओला करून खरवडावा आणि खरवड गोळा करून वेगळी टाकावी.

## टप्पा ४: जागा, कपडे आणि मशीन

ठिणग्या वाटतात त्यापेक्षा दूर जातात. औद्योगिक सुरक्षेच्या नियमांत जळणाऱ्या वस्तू ११ मीटर दूर ठेवण्यास सांगितले जाते. घरी एवढी मोकळी जागा मिळणे कठीण, म्हणून जे हलवता येत नाही ते ओल्या गोणपाटाने किंवा पत्र्याने झाकावे, जमिनीवरचा भुसा, कागद आणि सुका पाला झाडून काढावा आणि भिंतीतील फटी बंद कराव्यात. वाळूची बादली आणि विझवण्याचे साधन हाताशी असावे. काम संपल्यावर किमान १ तास त्या जागेवर लक्ष ठेवावे, कारण फटीत गेलेली ठिणगी धुमसत राहून उशिरा पेट घेते.

कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते. विजारीची टोके दुमडू नयेत आणि खिसे उघडे ठेवू नयेत. चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट हवेतच. मुखवट्याची काच १० किंवा ११ क्रमांकाची असावी. त्याखाली साधा पारदर्शक चष्माही घालावा, कारण मुखवटा वर केल्यावर स्लॅग (रॉडच्या आवरणाचा जोडावर जमणारा कडक थर) ठोकताना तुकडा डोळ्यात उडण्याची शक्यता जास्त असते. वेल्डिंगची झळ डोळ्यांना लागल्याचे तत्काळ कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, तेव्हा डोळे न चोळता डॉक्टरांकडे जावे. घरातील इतरांना आणि शेजाऱ्यांना झळ लागू नये म्हणून पत्र्याचा आडोसा उभा करावा.

मशीनचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावावा. एक्स्टेन्शनची वायर जाड असावी आणि ती पूर्ण उलगडावी. गुंडाळून ठेवलेली वायर तापते, आणि पातळ लांब वायरवर व्होल्टेज पडून रॉड सारखा चिकटत राहतो. मग माणूस उगाच करंट वाढवत बसतो. ओले हात, घामाने भिजलेले हातमोजे किंवा ओली जमीन असताना काम करू नये. पायाखाली कोरडी फळी ठेवावी.

तपासा: क्लॅम्प थेट जोडायच्या तुकड्यावर, घासलेल्या जागी घट्ट बसला आहे का? टेबलावर किंवा रंगावर लावलेला क्लॅम्प हे रॉड नीट न पेटण्याचे एक नेहमीचे कारण असते.

## टप्पा ५: मापे, कापणी आणि कडा

भंगाराचे तुकडे क्वचितच सरळ असतात. म्हणून माप घेण्याआधी प्रत्येक तुकडा सपाट फरशीवर ठेवून फिरवून पाहावा. वाकलेला असेल तर आधी सरळ करावा आणि मगच कापावा. समोरासमोरच्या बाजू एकत्र बांधून एकाच वेळी कापल्यास त्यांची लांबी आपोआप सारखी येते.

ग्राइंडरची चकती त्याच्या वेगाला साजेशी हवी. चकतीवर लिहिलेला फेऱ्यांचा आकडा ग्राइंडरवरच्या आकड्यापेक्षा कमी नसावा, आणि मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली मुदत उलटून गेलेली नसावी. कापायच्या पातळ चकतीने बाजूने घासू नये, कारण ती फुटते आणि तुकडे गोळीसारखे उडतात. त्याच कारणासाठी संरक्षक कवच कधीही काढू नये. चकती अडकणार नाही अशा रीतीने तुकडा शिकंज्यात धरावा, म्हणजे कापला जाणारा भाग खाली मोकळा पडेल.

३ मिलिमीटरपर्यंतच्या जाडीला कड सरळ चालते. ५ मिलिमीटरच्या पुढे दोन्ही कडांना सुमारे ३० अंशांची उतरण द्यावी, तळाशी थोडी सरळ धार ठेवावी आणि मध्ये सुमारे २ मिलिमीटरची फट ठेवावी. उतरण न देता जाड पट्ट्या जोडल्यास वरचा थर जोडलेला दिसतो, पण आत दोन्ही पट्ट्या सुट्याच राहतात.

इशारा: दोन्ही टोकांनी बंद होणाऱ्या पाइपला आधी एक भोक पाडावे. आत अडकलेली हवा तापून फुगते आणि वितळलेले लोखंड बाहेर फेकते. पाणी अडकले असेल तर धोका आणखी वाढतो.

## टप्पा ६: करंट ठरवण्यासाठी चाचणीचा तुकडा

घरगुती कामासाठी ई ६०१३ वर्गाचा रॉड सोयीचा. तो एसी आणि डीसी दोन्हीवर चालतो आणि किंचित दमटपणा सहन करतो. ७०१८ वर्गाच्या रॉडची ताकद चांगली असली तरी तो भट्टीत सुकवून वापरावा लागतो, म्हणून घरी त्याच्या नादी लागू नये. आवरण उडालेला रॉड फेकून द्यावा.

सुरुवात म्हणून पुढील आकडे धरावेत: २ मिलिमीटरच्या रॉडला ४० ते ६०, २.५ च्या रॉडला ६० ते ९० आणि ३.१५ च्या रॉडला ९० ते १३० अँपिअर. मशीनवरच्या आकड्यांवर पूर्ण विसंबू नये. ज्या भंगाराची मांडणी करायची, त्याच पाइपचे उरलेले दोन तुकडे घेऊन इंग्रजी टी आकारात उभे जोडावेत आणि फक्त एका बाजूने वेल्डिंग करावे. तुकडा थंड झाल्यावर शिकंज्यात धरावा, जोडाची मागची बाजू उघडेल अशा दिशेने हातोडीने वाकवावा आणि तोडून पाहावा. तुटलेल्या तोंडावर कोपऱ्यापर्यंत दाणेदार लोखंड दिसले पाहिजे. कोपऱ्यात गुळगुळीत रेघ किंवा काळी चिरी दिसली, तर लोखंड तळापर्यंत मुरलेले नाही, म्हणून करंट ५ ते १० अँपिअरने वाढवावा. भोक पडले किंवा कडेला चर पडला तर कमी करावा.

तपासा: चाचणीचा तुकडा समाधानकारक तुटल्याशिवाय खऱ्या कामाला हात लावू नये. एका तासाच्या चाचणीमुळे पुढे पूर्ण मांडणी फोडावी लागत नाही.

## टप्पा ७: जुळवणी आणि टाके

वितळलेले लोखंड थंड होताना आकसते आणि दोन्ही तुकडे आपल्याकडे ओढते. या ओढीमुळेच चौकटी वाकड्या होतात. तिला रोखता येत नाही, फक्त क्रम बदलून सर्व बाजूंना वाटून देता येते.

१. चौकटीचे चारही तुकडे सपाट जागेवर मांडून धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पने (पकडीने) आवळावेत. प्रत्येक कोपऱ्यात गुण्या लावावा.

२. प्रत्येक कोपऱ्यावर वरच्या बाजूने फक्त एक लहान टाका मारावा. टाक्याची लांबी ८ ते १० मिलिमीटर पुरे. अगदी लहान टाका तडकतो, मोठा टाका सुधारणेला जागा ठेवत नाही.

३. दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान असले तरच चौकट काटकोनी आहे. फक्त गुण्यावर विसंबून राहिल्यास लहान चूक लांबीबरोबर वाढत जाते. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडीने हलके ठोकून तो जुळवावा.

४. कर्ण जुळल्यावरच दुसऱ्या बाजूचे टाके घालावेत आणि पुन्हा मोजावे.

५. दोन चौकटी तयार झाल्यावर उभे पाय जोडावेत. तेही आधी टाक्यांवरच. संपूर्ण मांडणी टाक्यांवर उभी करून ती जमिनीवर डुगडुगत नाही ना, हे पाहावे.

सर्वसाधारण चूक अशी होते की पहिला कोपरा टाक्यावर न सोडता पूर्ण जोडला जातो, कारण तो चांगला जमलेला दिसतो. मग उरलेले तीन कोपरे ओढूनताणून जुळवावे लागतात आणि त्यांच्यात आधीपासूनच ताण भरलेला राहतो.

## टप्पा ८: अंतिम वेल्डिंग

रॉड काडी ओढल्यासारखा हलकेच घासून पेटवावा. तो पेटला की टोक आणि लोखंड यांमधील अंतर रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीइतके ठेवावे. अंतर वाढले की आवाज फडफडतो, ठिणग्या उडतात आणि छिद्रे पडतात. रॉड उभ्या रेषेपासून १० ते २० अंश कलवून पुढे ओढत न्यावा, ढकलू नये. ढकलल्यास स्लॅग पुढे जाऊन जोडात अडकतो.

नजर प्रखर प्रकाशावर न ठेवता त्याच्या मागे तयार होणाऱ्या वितळलेल्या धातूवर ठेवावी. तिथे दोन थर दिसतात: तकतकीत, पाण्यासारखा पातळ धातू, आणि त्यामागे नारंगी-करडा, मंद हलणारा स्लॅग. धातू दोन्ही तुकड्यांच्या कडांना भिजवतो आहे, असे दिसल्याशिवाय पुढे सरकू नये. जाड आणि पातळ तुकडा जोडताना उष्णता जाड तुकड्यावर धरावी आणि क्षणभर पातळ तुकड्याला स्पर्श करावा.

पातळ पाइपवर लांब रेघ ओढू नये. २० ते २५ मिलिमीटरचे टाके घालत, प्रत्येकानंतर जागा बदलत जावे. एक कोपरा, मग कर्णावर समोरचा, मग उरलेले दोन. सपाट बाजू आधी जोडून चौकट उलटावी आणि लगेच मागची सपाट बाजू घ्यावी. आतला कोपरा सगळ्यात शेवटी, कारण तोच सर्वांत जास्त आत ओढतो. रेघ संपवताना रॉड एकदम उचलू नये. किंचित मागे घेऊन खड्डा भरावा आणि मग सोडावे, नाहीतर शेवटच्या खड्ड्यात ताऱ्याच्या आकाराची चिरी पडते.

दुसऱ्या थराआधी स्लॅग ठोकून आणि वायर ब्रशने घासून पूर्ण काढावा. लवकर व्हावे म्हणून गरम जोडावर पाणी ओतू नये. गरम तुकड्यावर खडूने तसे लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या कोणाचा हात पडणार नाही.

### फाटकाच्या बिजागरीसाठी वेगळी काळजी

झुकलेल्या फाटकाचा दोष बहुधा वरच्या बिजागरीत असतो. फाटकाचे वजन वरची बिजागरी खांबापासून बाहेर ओढते आणि खालची खांबावर दाबते. म्हणून तडा वर पडतो, खाली नाही. दुरुस्तीआधी फाटकाखाली वीट किंवा लोखंडी ठोकळा देऊन त्याचे सगळे वजन बिजागरीवरून काढावे. टेकू लाकडी असेल तर तो पेटतो. ओळंबा सोडून दोन्ही बिजागऱ्यांचे खिळे एकाच उभ्या रेषेत आहेत याची खात्री करावी. ते रेषेत नसतील, तर नवा जोडही प्रत्येक उघडझापीला पिरगळला जाईल.

मशीनचा क्लॅम्प बिजागरीच्या ज्या बाजूला जोड घालायचा, त्याच बाजूला लावावा. क्लॅम्प खांबावर आणि जोड फाटकाच्या पाल्यावर (उघडणाऱ्या भागावर) असेल, तर सगळा करंट बिजागरीच्या खिळ्यातून जातो आणि खिळा आतून खरवडला जातो, कधी चिकटूनही बसतो. तडा नुसता वरून भरू नये. त्याच्या टोकाला लहान भोक पाडून तो पुढे वाढण्यापासून थांबवावा, मग ग्राइंडरने खोल कोरून काढावा आणि भरावा. बिजागरीतील ग्रीस आधीच काढून टाकावे.

पाला पुन्हा झुकू नये म्हणून तिरपी पट्टी घालताना अनेकजण दिशा चुकतात. पातळ पट्टी किंवा सळई फक्त ओढ सहन करते, दाबाखाली ती वाकते. म्हणून ती वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून समोरच्या खालच्या कोपऱ्याकडे जावी. जाड चौकोनी पाइप दाबही सहन करतो, तो खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे घालता येतो.

## टप्पा ९: तपासणी आणि वजनाची परीक्षा

जोड थंड झाल्यावर चांगल्या उजेडात पाहावा. छिद्रांचा पुंजका घाण किंवा लांब धरलेला रॉड सांगतो. कडेचा चर जास्त करंट किंवा घाईचा हात दाखवतो. लोखंड फुगवट्यासारखे वर बसले असेल, तर करंट कमी पडला आहे. दोष दिसल्यास त्यावर दुसरा थर चढवू नये. दोषाचा भाग ग्राइंडरने संपूर्ण काढून स्वच्छ लोखंडावर नव्याने जोड घालावा, कारण वरून झाकलेले छिद्र आत तसेच राहते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

शोभेसाठी जोड घासून सपाट करण्याचा मोह आवरावा. वजन घेणाऱ्या जोडाची जाडी घासण्याने कमी होते. फळी नीट बसण्यासाठी लागेल तेवढाच वरचा भाग सपाट करावा.

मांडणीवर रोजच्या अपेक्षित वजनाच्या दीडपट वजन थोडे थोडे करून ठेवावे. वजन जमिनीलगत ठेवूनच परीक्षा करावी आणि त्या वेळी मांडणीखाली कोणी हात घालू नये. रात्रभर ठेवून सकाळी कर्ण पुन्हा मोजावेत आणि प्रत्येक जोडावर भिंग धरून केसासारखी चिरी दिसते का ते पाहावे. फाटक असेल तर टेकू काढल्यावर पूर्ण उघडून आणि बंद करून त्याची फट सगळीकडे सारखी राहते का ते बघावे.

## टप्पा १०: रंग

घासलेले लोखंड दमट हवेत एका रात्रीत गंजू लागते, म्हणून परीक्षा संपताच रंगाला लागावे. जोडाभोवती बसलेला तपकिरी धूर आणि स्लॅगची भुकटी पुसली नाही, तर रंग पापुद्र्याने निघतो. ब्रशने घासून, थिनरच्या फडक्याने पुसून गंजरोधक प्रायमरचा थर द्यावा आणि तो पूर्ण सुकल्यावर रंगाचे दोन हात मारावेत. दोन पट्ट्या एकमेकींवर बसतात तिथली फट सीलंटने भरावी, कारण तिच्यात शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. पाइपला पाडलेले हवेचे भोक सगळे थंड झाल्यावर सीलंटने बंद करावे. फाटकाच्या बिजागरीत ग्रीस मात्र रंग सुकल्यानंतरच भरावे.